चाळीसपट

"मावशी, तो चाळीसपट झूमचा एवढुसा कॅमेरा आहे ना तुझ्याकडे? मग हा जुना धोंडा गळ्यात अडकवून का फिरतेस?"

हे भाचीने विचारलं. तिच्याआधी शेजाऱ्यांनी विचारलं होतं, ऑफिसात विचारलं होतं. काहीजण उलट्या बाजूने येतात: "चांगला लेन्स बदलता येणारा कॅमेरा असताना हे खेळणं कशाला घेतलंत?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

धोंडा म्हणजे निकॉन डी९०. हे मॉडेल २००८ सालचं, १२.३ मेगापिक्सेलचं. व्हिडिओ काढता येणारा हा पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), अर्थात तो व्हिडिओ आज कुणाला दाखवण्यासारखा नाही. सोबत तीन लेन्स: मूळची १८-१०५ एमएम, लांबची ७०-३०० आणि ५० एमएमची छोटी एफ/१.८ (एमएम जितके जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). ७०-३०० लावून तो खांद्याला अडकवला की जवळजवळ दीड किलो भरतो. 'खेळणं' त्याच्याहून कितीतरी नवं, २० मेगापिक्सेलचं, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. जाकिटाच्या खिशात जातं आणि बटण दाबलं की नाक बाहेर काढतं. त्याचं झूम २४ ते ९६० एमएम. म्हणजे एका टोकाला अख्खी खोली आणि दुसऱ्या टोकाला समोरच्या टेकडीवरच्या माणसाच्या शर्टाचा रंग.

वजनाचा मुद्दा मी इथेच सोडते. त्यात छोटा जिंकतो, वाद नाही.

एका सकाळी दोन्ही कॅमेरे घेऊन तळ्याकाठी बसले होते. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या, ऊन चांगलं. आधी छोटा काढला. ९६० पर्यंत झूम केलं तर पडद्यावर खंड्या कुठेच नाही, नुसती पानं. इतक्या झूमला हात किंचित हलला तरी समोरचं दृश्य भलतीकडे जातं. त्यासाठी त्यावर एक बटण आहे: दाबून धरलं की झूम मागे येतं, पक्षी सापडला की सोडायचं, झूम परत जागेवर. ते जमायला मला आठवडा लागला होता. माझ्या छोट्याला डोळा लावायची खिडकी नाही. त्यामुळे उन्हात हात लांब करून पडद्याकडे डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसाने चष्म्याशिवाय पेपर धरावा तसं. शेवटी खंड्या सापडला आणि चौकट भरून आला. मग धोंडा उचलला. डोळा खिडकीला, खंड्या लगेच समोर, पण केवढा? चौकटीच्या मधोमध बोराएवढा.

घरी आल्यावर दोन्ही फोटो संगणकावर शेजारी शेजारी ठेवले. डी९० वर ३०० एमएमची लेन्स छोट्याच्या हिशोबात ४५० सारखी दिसते. तिच्या फोटोतून छोट्याच्या ९६० एवढाच तुकडा कापला तर १२.३ पैकी जेमतेम २.७ मेगापिक्सेल हातात उरतात. फोनच्या पडद्यावर पाहिलं तर छोट्याचा फोटो सरळसरळ सरस. पण मोठा करून पिसांवर गेले आणि बघतच राहिले. छोट्याने खंड्याच्या पाठीवर जलरंगाचा ब्रश फिरवला होता. पीस असं एकही नव्हतं, निळ्याचे लपके होते. धोंड्याच्या कापलेल्या तुकड्यात पाठ लहान होती, पण पिसाची कड कुठे संपते ते कळत होतं.

मग खंड्याने सूर मारला होता, तेव्हाची गोष्ट राहिलीच. छोटा फोकस शोधत पुढेमागे झाला आणि मला पाण्यावरची वलयं मिळाली. धोंड्याकडून चोचीचं टोक मिळालं, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात. ते काही धोंड्याचं कौतुक म्हणून सांगत नाही, माझंच बोट उशिरा दाबलं गेलं. पण त्याने निदान फोकस पकडलेला होता.

जलरंग कुठून आला? छोट्याच्या लेन्सच्या कडेला बारीक अक्षरांत ४.३-१७२ असं छापलंय. ही तिची खरी फोकल लेंग्थ (पुढे हिलाच लांबी म्हणते). २४-९६० हा आकडा जुन्या ३५ एमएम फिल्मच्या हिशोबातला. सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली उजेड टिपणारी चिप, इवलासा असला की थोड्या लांबीच्या लेन्सलाही अरुंद दृश्य दिसतं, म्हणून तर हा कॅमेरा खिशात मावतो. हा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. डी९० चा २३.६ बाय १५.८. क्षेत्रफळ काढा, तेरापटीहून जास्त फरक येतो.

त्यात छोट्याचं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, शेवटच्या टोकाला एफ/६.९. १७२ ला ६.९ ने भागा: उजेड आत यायला २५ मिलिमीटरचं दार. ३०० एमएमच्या लेन्सला एफ/५.६ वर हेच दार साडेत्रेपन्न मिलिमीटरचं होतं, म्हणजे क्षेत्रफळाने चौपटीहून मोठं. आणि लहान दाराची आणखी एक खोड असते. प्रकाशाचा एकच ठिपका आत आला तरी तो ठिपका राहत नाही, पसरतो. याला विवर्तन म्हणतात. एफ/६.९ ला हिरव्या उजेडाचा ठिपका सुमारे ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. छोट्याचा एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनही नाही. म्हणजे एका ठिपक्याखाली सात-आठ पिक्सेल रांगेत बसलेले आणि सगळे थोडीफार तीच गोष्ट सांगणारे. वीस मेगापिक्सेलचा कॅमेरा असं खोक्यावर लिहिलेलं खोटं नाही, फक्त त्या टोकाला त्यातल्या बऱ्याच पिक्सेलांकडे स्वतःचं सांगायला काही नसतं. त्यावर कॅमेरा आतल्या आत फोटोतले दाणे पुसतो, आणि दाण्यांबरोबर पिसंही पुसली जातात. माझा छोटा रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेलं जसंच्या तसं, देत नाही, त्यामुळे पुसायच्या आधीचं काही हाती लागत नाही. रॉ देणारे छोटे असतात. घेणार असाल तर एवढं एक नक्की बघा.

हे वाचून छोटा अडगळीत टाकायच्या लायकीचा वाटला असेल तर थांबा, चंद्र बाकी आहे.

चंद्राचं सेन्सरवरचं चित्र लेन्सच्या खऱ्या लांबीच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढं पडतं. धोंड्यावर ३०० एमएमने ते २.७ मिलिमीटरचं, म्हणजे जवळपास ५०० पिक्सेल रुंद. छोट्याच्या सेन्सरवर दीड मिलिमीटरचंच, पण पिक्सेल इतके बारीक की रुंदी भरते १३०० च्या घरात. वर सांगितलं तसे हे तेराशेच्या तेराशे कामाचे नसतात. तरीही माझ्या डोळ्यांना विवरांच्या कडा, विशेषतः अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या, छोट्याच्याच फोटोत चांगल्या दिसतात. आणि तिथे उजेडाची चणचणही नसते. आपल्याकडे रात्र असली तरी चंद्राच्या उजळ भागावर ऊनच पडलेलं असतं. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती चटकन दाद देतो तो आकडा) १०० आणि शटर १/२५० सेकंद, एवढ्यावर काम होतं. फक्त ऑटोवर सोडू नका. कॅमेरा भोवतीचा काळोख बघून घाबरतो आणि चंद्राची पांढरी थाळी करून ठेवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन-अडीच पायऱ्या खाली ओढा, विवरं आपोआप वर येतात. गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवून हातात धरलेल्या कॅमेऱ्याने मी चंद्राचे डाग ओळखायला शिकले. दीड किलोचा संसार मांडून ते मी केलं असतं असं मला वाटत नाही.

आता आजीचा फोटो.

संध्याकाळी ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. दिवा अजून लावलेला नव्हता, लावूही देत नव्हती. टेबलावर छोटा होता, तोच उचलला. तिचा चेहरा आणि हात चौकटीत येतील एवढं झूम केलं तर ॲपर्चर एफ/४.५ वर आलेलं. आयएसओ ३२०० वर ताणला, म्हणजे त्याच्या शेवटच्या मुक्कामाला, तरी शटर १/२५. फोटोत आजी आहे, सुई नाही. बोटांच्या जागी एक तपकिरी धूर आहे.

"झाला का गं काढून?"

"थांब, दुसरा कॅमेरा आणते."

"मी काही पळून जात नाही. दोरा जाईपर्यंत इथेच आहे."

५० एमएमची लेन्स लावली. ही जुन्या पद्धतीची, हिच्यात स्वतःची मोटर नाही. डी९० च्या अंगातली मोटर तिला फिरवते आणि खर्र असा आवाज करते. (जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, शोधत असाल तर हे विचारून घ्या. निकॉनच्या डी४०, डी३००० आणि डी५००० सारख्या बॉडीत ही मोटर नाही, तिथे अशा लेन्सचा फोकस हातानेच फिरवावा लागतो.) एफ/२, आयएसओ १६००, १/६०. त्या खर्र आवाजाला आजीने मान वर केली नाही. फोटोत सुईचं नेढं दिसतं, दोऱ्याचं थुंकीने ओलं केलेलं टोक दिसतं, ते नेढ्याच्या केसभर बाजूला आहे. तिचा चेहरा मागे थोडा विरघळलेला, पण कपाळावरची आठी कळते. खिडकीच्या बाजूचा गाल उजळ आणि दुसरा जवळजवळ गेलेला.

हिशोब करून पाहिला. छोट्याचं सगळ्यात उदार ॲपर्चर एफ/३.३, तेही झूम न करता. ५० एमएमची लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. एवढ्यानेच प्रत्येक चौरस मिलिमीटरवर तिप्पटीहून जास्त उजेड पडतो. त्याला सेन्सरच्या तेरापटीने गुणा. तेवढ्याच वेळात धोंडा एकूण चाळीसपटीहून जास्त उजेड गोळा करतो. चाळीसपट! खोक्यावर एकाने छापलं, दुसऱ्याने नाही, एवढंच. नव्या सेन्सरचं तंत्र सुधारलंय, मिळालेला उजेड ते जुन्यापेक्षा चांगला वापरतं, त्यामुळे अंतर थोडं भरून निघतं. पण चाळीस भरून निघत नाहीत.

त्यामुळे माझ्याकडे सगळं उलटं झालंय. लोक समजतात की मोठा कॅमेरा लांबच्या पक्ष्यांसाठी आणि छोटा घरच्यांसाठी. मी लांबचं काही बघायचं असलं की छोटा घेते: चंद्र, मनोऱ्यावरचं घरटं, पलीकडच्या काठावर काय चाललंय ते. आणि माणूस हाताच्या अंतरावर असला, दिवेलागण झालेली असली, की धोंडा.

धुळीबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. याच्याआधी माझ्याकडे दुसरा एक खिशातला झूम कॅमेरा होता, कंपनीचं नाव घेत नाही. वर्षभराने आकाशाच्या प्रत्येक फोटोत उजव्या बाजूला एक राखाडी डाग यायला लागला. नाक आतबाहेर करताना ही लेन्स हवा ओढते, हवेबरोबर खिशातला कापूसकचरा. आत शिरलेला कण काढायचा तर अख्खी लेन्स उघडावी लागते. दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि सरळ परत दिला. मी दोन वर्षं फोटोत ढग शोधत होते, तो डाग लपवायला. धोंड्यातही धूळ जाते, लेन्स बदलताना तर जातेच. पण आरसा वर करून कॅमेरा पालथा धरायचा, रबरी फुग्याने दोन फुंकरा मारायच्या, बहुतेक वेळा काम होतं. आता छोट्यासाठी चेन असलेली पिशवी शिवून घेतली आहे.

बॅटरी: छोटा अडीचशे-पावणेतीनशे फोटोंत मान टाकतो, धोंडा आठशेच्या पुढे जातो. कार्ड: धोंड्याला ३२ जीबीपर्यंतचंच द्या. डिजिटल झूम: दोन्हीकडे विसरा, म्हणजे छोट्यावर बंद करून ठेवा, धोंड्यावर ते नाहीच. आणि फोन? फोन आहेच की सगळ्यांकडे. त्याची तुलना करायला बसले तर हे संपणार नाही.

भाचीला मी यातलं फारसं काही सांगितलं नाही. तिला म्हटलं, फोन उघड आणि तुझे शेवटचे पन्नास फोटो दाखव. त्यात एक डोंगर होता, दोन पाट्या होत्या, स्वतःचे आठ-दहा. बाकी सगळी तिची मांजर. कपाटावर झोपलेली मांजर, पलंगाखालची मांजर, संध्याकाळी पडद्यामागून नुसते डोळे. मांजरीचा एकही फोटो उन्हातला नाही, एकही दहा फुटांपलीकडचा नाही. मी ५० एमएम लावून धोंडा तिच्या हातात दिला, एफ/२ वर ठेवायला सांगितलं, आणि जवळच्या डोळ्यावर फोकस करायला.

तिसऱ्या दिवशी मांजरीच्या मिशा मोजता येतील असा फोटो आला. त्यानंतर रोज येतायत. कॅमेरा परत कधी आणतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे तो चाळीसपटवाला आहे ना?"