शेड नंबर जुळेपर्यंत

खानापूरच्या आमच्या घरातली मागची खोली, दहा बाय बारा. जुनी सारवणाची जमीन खणली, मुरूम टाकून धुम्मसाने ठोकला आणि त्यावर एकास दोन-चार मालाचा (सिमेंट, वाळू, खडी) तीन इंची कोबा आम्ही दोघा भावांनीच घातला. कोब्याला सात दिवस पाणी मारा म्हणतात, पण गोणीवर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलेलं असेल तर दहा दिवस धरा. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते बेळगावच्या दुकानात. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड फरशीच्या नऊ पेट्या घेतल्या, पेटीत चार नग. टेम्पो आला, पेट्या उतरल्या आणि बघतो तर सहांवर एक शेड नंबर, म्हणजे रंगछटेचा नंबर, तीनांवर दुसरा. दोन फरश्या दारातल्या उजेडात शेजारी धरल्या. एक दुधाळ, दुसरी पिवळसर. शिवाय मापात केसभर फरक, म्हणजे सांधे वाकडे जाणार ते वेगळंच.

दुकानदाराला फोन केला. "एकच माल हाय ओ, खाली बसवल्यावर कळत नाही." कळत नाही तर कंपनी पेटीवर नंबर कशाला छापते? मग म्हणाला, गुजरातेतल्या मोरबीहून फरशीची गाडी येऊदे, बदलून देतो. रोज विचारलं की गाडी कधी पुण्यात, कधी कोल्हापुरात. निपाणीला आली म्हटल्यावर मी आशेवर, तर दुसऱ्या दिवशी परत कोल्हापुरात! वारीलाही एवढे मुक्काम नसतील. इकडे गणपती तोंडावर आणि घरातलं सगळं सामान सोप्यात.

शेवटी गाडी आली, तर तिच्यात तिसरीच शेड. "ह्यातल्या तीन घेऊन जावा," म्हणतो! मी बिल पुढे केलं. घेतानाच बिलावर शेड नंबर लिहून घेतला होता. तुम्हीही घ्याच, मालक कितीही तोंड वाकडं करू दे. आणि जुळल्याशिवाय एकही फरशी बसवू नका. बसवलेला माल कोणी परत घेत नाही. गिऱ्हाइकं ऐकायला लागली तसा सगळ्या नऊ पेट्या एका शेडच्या द्यायला तयार झाला. टेम्पोभाड्यावरून पुन्हा वाजलं. दिलं त्यानेच.

बसवणं त्यामानाने सोपं. व्हिट्रिफाइड फरशी पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही. टाइलचा अॅडेसिव्हच वापरा, दातेरी थापीने पसरून. अख्ख्या फरश्या दाराकडून सुरू करा, कापलेले तुकडे कपाटाखाली जाऊदेत. रबरी हातोडीने ठोकताना पोकळ आवाज आला तर ओली असतानाच उचला. सांधे दुसऱ्या दिवशी भरा. हो, कोबा घालण्याआधी पाणी भरलेल्या लेव्हल नळीने चारी भिंतींवर खुणा मारायच्या, हे वर राहिलंच.

उरलेल्या फरश्या पेटीसकट माळ्यावर ठेवल्यात. पुढं एखादी फुटली तर ह्या शेडची परत मिळणार नाही, असं टेम्पो भरताना त्याच दुकानदाराने बजावलं.