साकव नसलेली वाट

बाबा भारतातून आमच्याकडे ॲरिझोनातल्या चँडलरला आले, तेव्हा ग्रँड कॅन्यनच्या आधी त्यांना ओक क्रीक या ओढ्याच्या वेस्ट फोर्क नावाच्या फाट्यावरच्या पायवाटेला न्यायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, मेपल रंगायचे दिवस. पहाटे पाचला घर सोडलं. सेडोना मागे टाकून ८९ए रस्त्याने वर गेलं की पार्किंग लागतं. या दिवसांत ते उघडायच्या आधीच बाहेर गाड्यांची रांग असते.

सुरुवातीला ओक क्रीकवर चांगला पादचारी पूल आहे. पलीकडे जुन्या बागेतली सफरचंदाची झाडं आणि मेह्यू लॉजचे दगडी अवशेष. लॉज १९८० साली जळालं. मग दोन्हीकडचे कडे जवळ येतात, रेड रॉक-सीक्रेट माउंटन वाइल्डरनेसची हद्द लागते आणि थोड्याच वेळात वाट थेट पाण्यात उतरते.

"साकव कुठाय?" बाबांनी विचारलं.

संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीत पावसाळ्याच्या तोंडावर सगळे जमून वहाळावर साकव घालायचे. पोफळीचे सोट, वर बांबू, धरायला एक आडवी काठी. बाबा त्यावरून शाळेत गेले, आणि मोठे झाल्यावर तो बांधायलाही जात.

इथे साकव नाही आणि कोणी घालणारही नाही, हे मी त्यांना सांगितलं. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने काही रानं माणसाने शक्य तितकी जशीच्या तशी सोडायची ठरवली. हे रान त्यात १९८४ साली आलं. इथे मोटार नाही, सायकल नाही, बांधकाम होता होईल तो टाळायचं. साधारण साडेतीन मैलांच्या वाटेत पाणी तेराएक वेळा ओलांडावं लागतं. त्यापुढे वाटच संपते. ज्यांना जायचं ते पाण्यातून चालत, कुठे पोहत जातात. मला ही जागा आवडते ती यासाठीच.

बाबा ऐकत होते, पण डोळे पाण्यावर होते. मी नेहमीसारखी दगडांवर पाय टाकत निघाले आणि तिसऱ्याच दगडावरून घसरले. गुडघ्यापर्यंत भिजले, पाणी बर्फासारखं गार.

"दगडावर पाय देऊ नको, दगडांच्या मधे दे," बाबा म्हणाले. त्यांनी बूट काढून नाड्या एकमेकींना बांधल्या, गळ्यात अडकवले. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठी पुढे. आधी काठी टेकायची, मग पायाच्या बोटांनी तळ चाचपायचा, वाळू लागली की मगच अंगाचा भार टाकायचा. सत्तरीतला माणूस, फिनिक्सच्या मॉलमध्ये दर दहा मिनिटांनी बाक शोधणारा. इथे एकदाही थांबला नाही.

वर फिकट वालुकाश्माचे कडे, त्यांत तिरक्या रेघा. सुमारे सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत त्या. खालचा तांबडा दगड पाहून बाबांनी तळवा फिरवला. "जांभा नव्हे. जांभ्याला भोकं असतात." पाँडेरोसा पाइनच्या सालीला नाक लावायला सांगितलं, तर म्हणाले, खरवसाचा वास येतोय. इथले लोक व्हॅनिला म्हणतात. मला आता खरवसच येतो.

सातव्या ठिकाणी कोणीतरी दोन ओंडके आडवे टाकले होते. एक डुगडुगत होता. बाबांनी काठावरचा एक चपटा दगड उचलला, ओंडक्याच्या बुडाशी सारला, टाचेने ठोकून बसवला. इथलं काही हलवू नये, हा नियम मला पाठ आहे. मी गप्प राहिले. समोरून एक लहान मुलगी आईचा हात धरून येत होती; ती पार होईपर्यंत बाबा ओंडक्याच्या टोकावर पाय दाबून उभे राहिले.

परतताना तिथे आलो तेव्हा दुपार कलली होती. बाबांनी काठीने ओंडका हलवून पाहिला. हलला नाही. मग बूट काढून, शेजारून पाण्यातूनच आले.