ग्राहक आयोगाची नोटीस आली, आधी विमा कंपनीला कळवा

डॉक्टरांनो, उपचाराबद्दल रुग्णाने तक्रार केली तर ही नोटीस तुम्हाला येते. सोलापुरात उपचाराला धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीचे रुग्ण येतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. म्हणजे नोटीस कलबुर्गीहूनही येईल.

तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी जबाब. फार तर 15 दिवस वाढवून मिळतात, 46 वा दिवस नाही. लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. पाकीट काउंटरवर पडून राहतं, घोळ तिथेच होतो.

त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा: पॉलिसी क्रमांक, नोटिशीची प्रत, केसपेपर. व्यावसायिक जबाबदारीच्या पॉलिसीत (उपचारातल्या चुकीच्या तक्रारींसाठी डॉक्टर घेतात तो विमा) उशिरा कळवणं आणि कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तडजोड करणं, या दोन कारणांवरून विम्याचा दावा अडकू शकतो. ‘बिल माफ करतो, मिटवा’ हीसुद्धा तडजोडच धरली जाऊ शकते. केसपेपरवर मागाहून खाडाखोड तर मुळीच नको.

मृत्यू किंवा गंभीर इजेचं प्रकरण आयोग मध्यस्थीला पाठवत नाही.