साथीत पाळणे चालू ठेवावेत का? आधी रांग मोजा

साथ आली की करमणुकीच्या जागांना सर्वांत आधी कुलूप लागतं आणि ते सर्वांत शेवटी निघतं. २०२० मध्ये जगभर हेच झालं. शांघायचं डिस्नेलँड जानेवारीच्या शेवटी बंद झालं आणि ११ मे रोजी उघडलं. कॅलिफोर्नियातलं मूळ डिस्नेलँड १४ मार्च २०२० ला बंद झालं ते ३० एप्रिल २०२१ ला उघडलं. फ्लोरिडातलं मात्र जुलै २०२० मध्येच सुरू झालं. कंपनी एक, आजार एक आणि निर्णय तीन. आपल्याकडे केंद्र सरकारने १५ ऑक्टोबर २०२० पासून मनोरंजन पार्कांना परवानगी दिली, पण महाराष्ट्राचं वेळापत्रक वेगळं राहिलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यात पार्क उघडले तेव्हाही मोकळ्या जागेतल्या कोरड्या राइडना परवानगी होती, पाण्यातल्या राइडना नव्हती.

माझं मत आधीच सांगतो. ‘पार्क चालू की बंद’ हा प्रश्न अख्ख्या पार्कला एकदम विचारायचाच नाही. तो एकेका पाळण्याला विचारायचा, आणि उत्तर दोन गोष्टींवरून काढायचं: तिथली हवा किती वेळात बदलते आणि रांग किती लांब होते. कोल्हापूरच्या मेरी वेदर मैदानावर सुट्टीत लागणारे पाळणे असोत की शहराबाहेरचा वॉटर पार्क, हिशोब तोच.

हवा आधी घेऊ. कोरोना, गोवर, इन्फ्लुएन्झा हे आजार श्वासातून पसरतात. कोरोनाच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा नोंदलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहून कमी उघड्यावर झालेले दिसले. प्लेगच्या काळात आपल्या आज्या-पणज्यांची पिढी गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची. तो आजार वेगळा होता, उंदीर-पिसवांचा, पण दाटीतून बाहेर पडायची समज होती. उघड्या मैदानातला आकाशपाळणा, ड्रॅगन ट्रेन, कोलंबस यांत माणूस तीन-चार मिनिटं वाऱ्यात बसतो. तिथे धोका कमीच.

भूतबंगल्याचं गणित मात्र पार वेगळं. समजा तो ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे, म्हणजे ६,००० घनफूट हवा. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर फेकायला हवी. तेवढी फेकली तरी हवेतले ९९ टक्के कण निघायला ४६ मिनिटं लागतात. बारा वेळा बदलली तर २३ मिनिटं. आणि भूतबंगल्यात दर पाच मिनिटांनी नवी तुकडी आत जाते, प्रत्येक जण किंचाळतो, किंचाळताना नेहमीच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब बाहेर पडतात. त्यात काळे पडदे आणि वळणावळणाची वाट हवा अडवून धरतात, त्यामुळे कागदावरचा आकडाही प्रत्यक्षात मिळत नाही. एक्झॉस्ट फॅनवर लिहिलेला हवेचा आकडा मोकळ्या तोंडाचा असतो; पुढे जाळी, मागे झडप आणि पात्यांवर धूळ असली की तो चांगलाच घसरतो. म्हणून भूतबंगला, आरसेमहाल, सेव्हन-डी सिनेमाची खोली, बंद हॉलमधले व्हिडिओ गेम हे साथीत बंदच. इथे ५० टक्के क्षमतेची तडजोड करू नये.

मौत का कुआँ फसवा आहे. वरून उघडा दिसतो, पण प्रेक्षक गोल कठड्यावर खांद्याला खांदा लावून ओणवे होतात, ओरडतात, आणि भोवती कनात बांधलेली असते. कनात पूर्ण काढली आणि कठड्यावर हातभर नव्हे, सहा-सहा फुटांवर खुणा केल्या तरच तो चालवावा. एक तांत्रिक गोष्ट: हवा खेळते की नाही हे बघायला कार्बन डायऑक्साइडचं मीटर वापरतात. बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतं, आत ८०० च्या खाली राहिलं तर ठीक. पण कुआँत हे मीटर निरुपयोगी. मोटारसायकलच्या धुरातही कार्बन डायऑक्साइड असतोच, त्यामुळे आकडा श्वासाचा की सायलेन्सरचा हे कळत नाही.

आता रांग. साथीच्या नियमांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा सावकाश बघू.

वीस आसनांचा ब्रेक डान्स नावाचा पाळणा घ्या. चढणं, फेरी, उतरणं मिळून पाच मिनिटं. तासाला १२ फेऱ्या, म्हणजे २४० माणसं. तासाला २०० लोक येत असतील तर रांग साचत नाही. मग नियम येतात: फाटकावर निम्मे लोक घ्या, एक आसन सोडून बसवा, प्रत्येक फेरीनंतर आसनं पुसा. आता आसनं १०, पुसायला दोन मिनिटं, म्हणजे फेरी सात मिनिटांची. तासाला जेमतेम ८५ माणसं होतात आणि येणारे आहेत १००. तासाला १५ माणसं मागे राहतात. तीन तासांनी रांगेत ४५ जण, सहा फुटांच्या अंतराने २७० फूट, आणि शेवटच्याला अर्ध्या तासाहून जास्त उभं राहावं लागतं. आधी जिथे रांग नव्हती तिथे सगळे नियम पाळूनच ती तयार झाली. संध्याकाळी सात ते दहाच्या गर्दीत ही रांग सरळ राहत नाही, ती कुंपणाशी घोळका होते.

उपाय अवघड नाही. पुसणं कमी करा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता साधारण १०,००० मध्ये एकाहून कमी आहे. चढताना हाताला सॅनिटायझर द्या, आसनं आणि मांडीवरचे बार तासा-दीड तासाने पुसा. दुसरं, एक आसन सोडायचा नियम अनोळखी माणसांमध्ये लावा. एका घरातले चौघे एकत्रच बसू देत, ते एकाच रिक्षातून आलेत. दोन कुटुंबांमध्ये एक ओळ रिकामी ठेवली तर वीसपैकी चौदा आसनं भरतात. फेरी पुन्हा पाच मिनिटांची, तासाला १६८ माणसं. रांग संपली.

त्यापुढे वेळेचं कूपन. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांमध्ये ८४ जण बसतात, तर ७० च कूपनं विका. उरलेली जागा बंद पडलेल्या दहा मिनिटांसाठी, रडून उतरलेल्या पोरासाठी लागतेच. लहान मुलांच्या पाळण्यावर प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस कुंपणापाशी उभं असतं हे मोजायला सगळे विसरतात. तिथे जागा दुप्पट धरावी. चढायचं आणि उतरायचं फाटक वेगळं ठेवावं. आणि मैदानाचा एकूण आकडा असा काढावा: एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. पाळण्यांची कुंपणं आणि स्टॉल वजा जाता निम्मी जागा उरली, तर माणशी चार चौरस मीटरने ५००. पाचशेएकावा माणूस आत येतो तो एक बाहेर गेल्यावरच.

वेळ कमी करून गर्दी कमी होत नाही, हे इथे ठणकावून सांगायला हवं. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले, त्यांतल्या तिसऱ्या स्तरात मोकळी मैदानं आणि फिरण्यासाठी पहाटे ५ ते सकाळी ९ एवढीच वेळ होती. दिवसभरात विखुरणारी माणसं चार तासांत कोंबली की रंकाळा तलावाच्या काठावर काय होतं याला वेगळा अभ्यास लागत नाही. पाळणे दुपारी चारला सुरू करा, सहाच्या आत तिकीट स्वस्त ठेवा, पण तास कापू नका.

फाटकावरच्या थर्मल गनवर विसंबू नये. एप्रिल-मेच्या उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलंच असतं, आणि कोरोनात लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकतो. अंगावर औषध फवारणारे बोगदे तर लावूच नयेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच माणसांवर फवारणी करू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. मास्क रांगेत आणि हळू पाळण्यांवर हवाच, पण वेगाच्या राइडवर सैल मास्क उडून चाकात किंवा मागच्याच्या तोंडावर जातो. गळ्यात अडकवायची मास्कची दोरी तर बारमध्ये अडकून फास बसू शकतो. तिथे घट्ट बसणारा मास्क, दोरी काढून.

पाण्याबद्दल गैरसमज उलटे आहेत. पाण्यात कोरोना टिकत नाही: १.५ पीपीएम मोकळा (म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन आणि ७ ते ७.२ पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) असेल तर अर्ध्या मिनिटात विषाणूची लागण करायची ताकद हजारपटीने कमी होते, हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने दाखवलं. धोका आहे तो कपडे बदलायच्या खोलीत, लॉकरपाशी, घसरगुंडीच्या जिन्यावर आणि रेन डान्सच्या गर्दीत. पण क्लोरीन खरंच आहे का? एक लाख लिटर पाण्यात १ पीपीएम वाढवायला १०० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे ३३ टक्क्यांची ताजी ब्लिचिंग पावडर ३०० ग्रॅम, किंवा १० टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक लिटर. पावसाळ्यात दमट गोदामात पडलेल्या पोत्यातली पावडर ३३ टक्क्यांची राहत नाही, मोजून टाकली तरी कमी पडते. भर उन्हात उघड्या टाकीतला क्लोरीन तासाभरात निम्म्याहून जास्त उडतो, म्हणून सकाळी एकदा टाकून दिवस काढता येत नाही. पीएच ८ वर गेला तर असलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम पाव भाग कामाचा उरतो. आणि पिवळा रंग देणारी जुनी ऑर्थोटोलिडिनची चाचणी एकूण क्लोरीन दाखवते, मोकळा नाही. त्यासाठी डीपीडी या रसायनाची गुलाबी रंग देणारी चाचणी हवी. तिच्यातही क्लोरीन फार जास्त झाला तर रंग उडून आकडा शून्य दिसतो. पाणी पातळ करून पुन्हा बघावं, नाहीतर चालवणारा त्यात आणखी ओततो.

साथ प्रत्येक वेळी श्वासाचीच असेल असं नाही. २०१२ ची इचलकरंजीची कावीळ पाण्यातून आली होती. तशा साथीत भूतबंगला खुशाल चालवा. बंद करायचे ते बर्फाचे गोळे, पाणीपुरी आणि तपासणी न झालेला नळ. गोवराची साथ असेल तर उलट जास्त कडक व्हावं लागेल, कारण तो बंद हवेत दोन तासांपर्यंत राहतो. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडपासून पसरलेल्या गोवराचे शंभराहून जास्त रुग्ण निघाले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी लस घेतलेली नव्हती.

सगळंच बंद कधी? माझ्या मते दोन वेळा. आजार नवा असेल आणि तो कसा पसरतो हे कळलेलं नसेल, तेव्हा; मार्च २०२० चा निर्णय बरोबरच होता. दुसरं, दवाखान्यात ऑक्सिजनची खाट मिळेनाशी होते तेव्हा. राज्याने जून २०२१ मध्ये पॉझिटिव्हिटी (चाचण्यांपैकी किती टक्के बाधित निघाले) आणि ऑक्सिजन खाटा, दोन्ही बघून ते पाच स्तर केले होते. पाचव्याच्या मर्यादा: पॉझिटिव्हिटी २० टक्क्यांवर, भरलेल्या खाटा ७५ टक्क्यांवर. यांत खाटांचा आकडा जास्त भरवशाचा, कारण पॉझिटिव्हिटी किती आणि कुणाच्या चाचण्या केल्या त्यावर हलते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोकणातूनही रुग्ण येतात, तेव्हा फक्त शहराचा आकडा बघून भागत नाही.

जोतिबाची चैत्र यात्रा २०२० आणि २०२१ मध्ये झाली नाही, आणि हे अनेकांना लागलं. पण यात्रेला फाटक नसतं. लाखो लोक ट्रकमधून, एसटीतून एकत्र येतात, एकत्र मुक्काम करतात, एकत्र जेवतात. मोजता येत नाही ते आवरता येत नाही. पार्कला फाटक आणि तिकीट आहे, म्हणून त्याला वेगळी मुभा मागता येते.

पाळणेवाल्यांचा विचार मात्र कुठल्याच आदेशात पुरेसा दिसला नाही. यात्रा-जत्रांच्या चार महिन्यांवर त्यांचं वर्ष चालतं, एका राहुटीत पाच-सहा जण झोपतात. आजारपणाची पगारी रजा नसेल तर ताप लपवला जातो. दुसरा धोका यंत्राचा: लीव्हरवरचा जाणता माणूस आजारी पडला की तिकिटं फाडणारं पोर लीव्हरवर बसतं. प्रत्येक पाळण्याला दोन शिकलेले चालक, वेगवेगळ्या राहुटीतले, हा नियम हवाच. दोन्ही नसतील तर तो पाळणा बंद, मग मैदान कितीही रिकामं असो.

बंद राहिलेला पार्क उघडतानाही घाई नको. कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात पिनांना गंज चढतो, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं किंवा सुकतं, उंदीर वायरी कुरतडतात. २०२१ च्या जुलैच्या पुरात सखल भागात पाणी शिरलं होतं. अशा पाण्यात बुडालेली मोटर सुकलेली दिसली तरी इन्सुलेशन तपासल्याशिवाय जोडायची नाही. साचलेल्या टाक्यांत आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, म्हणून बंद काळातही आठवड्याला एक कोरडा दिवस, म्हणजे टाक्या रिकाम्या करून सुकवायचा दिवस, पाळावा. शॉवरच्या नळांत महिनोन्‌महिने उभं राहिलेलं पाणी तोट्या काढून सोडून द्यावं, त्याचे तुषार श्वासात जाऊ देऊ नयेत. पाळणा आधी रिकामा फिरवायचा, मग आसनांवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती बांधून, दर वेळी आपत्कालीन बटण दाबून. पिना, वेल्डचे जोड आणि लॅप बारची कुलपं त्यानंतर पुन्हा बघायची. तिकीट खिडकी उघडायची ती हे सगळं लिहून, त्यावर तपासणाऱ्याची सही झाल्यावर.