पुसलेले अकरा फोटो

एक नोव्हेंबरला मी आकाशी शर्ट घालतो. बरीच वर्षं हा नेम आहे. काळा चालत नाही, कारण त्या दिवशी बेळगावात काळा शर्ट म्हणजे फेरीतला माणूस. लाल किंवा पिवळा घातला तर राज्योत्सवाच्या मिरवणुकीतला. खाकीकडे झुकणारा कुठलाही रंग नको, गर्दीला साध्या वेशातला पोलीस वाटतो. पांढराशुभ्र पुढाऱ्यांचा. उरला आकाशी. बायकोनं तसे दोन शर्ट वेगळे ठेवलेत. त्यातला एक बाहेर निघाला की त्या सकाळी घरात कुणी फारसं बोलत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथली मराठी माणसं तो काळा दिन पाळतात आणि कर्नाटकाचा तोच स्थापना दिन. सकाळी महाद्वार रोडच्या संभाजी उद्यानापासून काळ्या कपड्यांतली सायकल फेरी निघते आणि मराठा मंदिरात सभा होऊन संपते. तिकडे राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे लागतात, मिरवणूक रात्र चढेपर्यंत चालते. आम्ही फोटोवाले दोन्हीकडे असतो. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. दोन्ही फेऱ्या एकाच कार्डात उतरतात.

ज्या दिवसाबद्दल लिहितोय त्याचं साल सांगत नाही आणि गल्लीचं नावही लिहीत नाही. एका पोराचा खटला अजून कोर्टात आहे. त्याचे थोडे तपशीलही बदललेत.

फेरी शांततेत पार पडली होती. सभा आटोपली, साडेबारा झाले होते. पोरं सायकली हातात धरून घोळक्यानं घराकडं निघालेली. मी त्यांच्या मागून चाललो होतो, कारण गडबड होते ती नेहमी मोर्चा संपल्यावर. मोर्च्यात पुढारी असतात, स्वयंसेवक असतात, पोलिसांचे वरचे अधिकारीही असतात. संपल्यावर राहतात ती दमलेली पोरं आणि पहाटेपासून बंदोबस्तात उभे असलेले शिपाई.

मला हे काम ज्यांनी शिकवलं त्या जुन्या फोटोग्राफरनी काही गोष्टी डोक्यात पक्क्या बसवल्या होत्या. पोलिसांची रांग आणि जमाव यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात कधी उभं राहायचं नाही, तिथं दोन्हीकडचं येऊन पडतं. कडेला राहायचं, पाठीला भिंत घ्यायची, पण बंद शटर नाही, कारण शटरला टेकलेल्या माणसाला मागं जायला जागाच नसते. बाजूला एक तरी उघडा बोळ हवा. वारा कुठून येतोय ते आधी बघून ठेवायचं, अश्रुधुराची नळकांडी फुटली तर वाऱ्याकडे तोंड करून निघायचं. मोबाईलचं बोटानं उघडणारं कुलूप त्या दिवसापुरतं बंद करायचं, आकडे ठेवायचे. आणि वकिलाचा नंबर दंडावर पेनानं लिहायचा. कागद हरवतो, मोबाईल काढून घेतात, दंड राहतो.

त्या दिवशी मी जागा बरोबर धरली होती. एका पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, बाजूला बोळ. गल्लीच्या तोंडाला पोलिसांची गाडी आडवी लागली. पोरं थबकली. कुणीतरी घोषणा दिली, बाकीच्यांनी उचलली. मग घोळक्याच्या मागून एक दगड आला आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या होमगार्डच्या कपाळावर बसला. वीस-बावीसचा मुलगा असेल तो. खाली बसला, बोटांमधून रक्त. मग लाठ्या निघाल्या. मागची पोरं पळाली. पुढं जो होता त्याच्या दोन्ही हातांत सायकलचं हँडल होतं, सायकल टाकून पळावं की नाही या विचारात तो दोन क्षण उभा राहिला. त्याच्या पोटरीवर आणि पाठीवर लाठी बसली. ‘‘मारालेत रे, मारालेत!’’ असं वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडत होती.

मी अकरा फ्रेम घेतल्या.

दगड आधी पडला. लाठी नंतर चालली. आणि ज्याच्यावर लाठी चालली त्याच्या हातात दगड नव्हता. ही तिन्ही वाक्यं एकत्र लिहिणं एवढंच माझं काम आहे. पण त्या दिवसापासून जो तो मला त्यातलं एकेक वाक्य गाळायला सांगतोय.

मागून दंड धरला गेला. ‘‘याव पेपर?’’ मी पेपरचं नाव सांगितलं. ‘‘मराठीना?’’ ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून परत माझ्या छातीवर सोडलं. ते पेपरनं दिलेलं कार्ड. सरकारी अधिस्वीकृती मोजक्यांनाच असते. तालुक्यात बातमीमागं पैसे घेणारे जे वार्ताहर आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांकडे तर लेटरहेडवरच्या पत्राशिवाय काही नसतं. दंड धरणाऱ्या पोलीस साहेबांच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. आवाज चढलेला नव्हता, हे मला आजही आठवतं. शांतपणे म्हणाले, ‘‘डिलीट माडु.’’ मी म्हटलं, ऑफिसला विचारतो. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, पडदा माझ्याकडं केला आणि माझाच अंगठा बटणावर ठेवून एकेक फोटो पुसायला लावला. अकरा वेळा. मोजत होतो. मग कॅमेरा परत देऊन मला गाडीत बसवलं.

गाडीत सात पोरं होती. सायकलवाला माझ्या शेजारी. फाउंड्रीत कामाला, सुट्टी म्हणून आलेला. पाठ टेकवता येत नव्हती म्हणून पुढं वाकून बसला होता. एकच विचारत होता, ‘‘दादा, सायकल तितंच ऱ्हायली, कोन उचलंल की?’’ मी त्याला म्हणालो, फोटो आहेत, तू काही केलं नाहीस हे दिसतंय त्यात. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की आता ते नाहीत.

मला तिथून सोडवलं ते एका कन्नड दैनिकाच्या फोटोग्राफरनं. त्याला मी अण्णा म्हणतो. बैलहोंगलकडचा, मराठी माझ्याइतकीच चांगली बोलतो. त्यानं मला गाडीत चढवताना पाहिलं होतं. मागोमाग ठाण्यात आला आणि टेबलाला दोन्ही हात टेकून म्हणाला, ‘‘बिड्री साहेब, नम्माव अदान्री.’’ सोडा साहेब, आपला माणूस आहे. पाऊण तास तो तिथून हलला नाही. त्याच्या पेपरची डेडलाईन, मिरवणुकीची तयारी, सगळं सोडून.

इथं एक सांगितलं पाहिजे. त्याच्या दोन वर्षं आधी आपल्याच एका मेळाव्यात एका कन्नड वाहिनीच्या वार्ताहराच्या हातातला माईक आपल्या पोरांनी हिसकावला होता. त्याला भिंतीकडं रेटलं. मी जवळ होतो. मी मध्ये पडलो खरा, पण आधी तीन-चार फोटो घेतले आणि मग पडलो. अण्णानं माझ्यासाठी आधी फोटो घेतला नाही. तो आधी आला. ही गोष्ट मला बोचते आणि बोचलेलीच बरी. फेरी कुणाचीही असो, मार खाणारा पत्रकार मराठी की कन्नड हे बघून आम्ही पाऊल उचलायला लागलो तर सीमाभागात हे काम कुणालाच करता येणार नाही.

सोडल्यावर अण्णाचा पहिला प्रश्न, ‘‘नंतर एक तरी क्लिक केलास?’’ केला नव्हता. ‘‘मग कार्ड काढ.’’ मेमरी कार्डावरचा फोटो पुसला म्हणजे तो लगेच नाहीसा होत नाही. कॅमेरा फक्त ती जागा मोकळी झाली असं नोंदवतो. त्या जागेवर नवीन फोटो बसला की मग जुना जातो. म्हणून फोटो पुसायला लावले तर त्या कार्डावर पुढं काहीच घ्यायचं नाही, कार्डाच्या कडेचं बारीक बटण खाली ओढून ते लॉक करायचं आणि वेगळं ठेवायचं. तरुण पोरांना मी हे आवर्जून सांगतो. रात्री ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडं बसलो. अकरापैकी आठ निघाले. दोन अर्धे करडे आले, एक आलाच नाही. आठांतल्या तिसऱ्यात पोराचे दोन्ही हात हँडलवर होते आणि लाठी हवेत.

संपादकांनी दोन फोटो छापले, शेजारी शेजारी, सारख्या आकाराचे. एकात कपाळ धरून बसलेला होमगार्ड, दुसऱ्यात सायकलवाला. खाली वेळ घातली, कॅमेऱ्यातली, सेकंदासकट. सकाळी अकरापर्यंत ऑफिसला फोनच फोन. अर्ध्यांचं म्हणणं, होमगार्डचा फोटो कशाला छापला, आपला पेपर आहे ना? बाकीच्यांचं म्हणणं, दुसरा कशाला छापला. संपादक प्रत्येकाला तेवढंच सांगत होते, ‘‘दोन्ही त्याच गल्लीत घडलंय.’’

आठवड्यानं पोराचे वकील आले. त्याच्यावर दगडफेकीचा गुन्हा लागला होता. आणि त्यानंतर चार दिवसांनी मला नोटीस आली, कन्नडमध्ये. कन्नड मी बोलतो, पण कायद्याचं कन्नड अडतं, अण्णानंच वाचून दाखवली. त्या दिवशी काढलेले सगळे फोटो तपासासाठी हजर करा.

सगळे म्हणजे तीनशेच्या वर. त्यात एक असा आहे ज्यात दगड टाकणारा दिसतो. चेहऱ्यासकट.

त्या रात्री मी झोपलो नाही. होमगार्डचं रक्त मी बघितलं होतं. त्याला न्याय मिळू नये असं मला एक क्षणही वाटलं नाही. पण माझं कार्ड एकदा पोलिसांच्या टेबलावर गेलं की पुढच्या मोर्च्यात प्रत्येक दगड आधी माझ्या दिशेनं येणार, आणि माझ्याच नाही, कॅमेरा हातात असलेल्या प्रत्येकाच्या, अण्णाच्याही. लोक आम्हाला जवळ उभं राहू देतात ते आम्ही खबरे नाही एवढ्या एका विश्वासावर. तो गेला तर हेल्मेट उपयोगाचं नाही की जॅकेट. पेपरच्या वकिलांनी उत्तर दिलं की छापलेले फोटो सर्वांसमोर आहेत, ते घ्या. न छापलेले आम्ही देणार नाही. पुढं काही आलं नाही. आलं असतं तर माझी बाजू लंगडीच होती. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात पत्रकाराला माहितीचा स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही असं लिहिलंय, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. कोर्टापुढं, पोलिसांपुढं तसं संरक्षण नाही. त्या फोटोबद्दल मी केलं ते बरोबर की चूक, होमगार्डच्या आईला समजावून सांगता येईल असं उत्तर माझ्याकडं नाही. तरी पुन्हा वेळ आली तर तेच करीन.

माझ्याबाबतीत जे झालं त्याची तक्रार का केली नाही, असं पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे. २०१७ मध्ये विधिमंडळानं केला, २०१९ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा शिनोळीपर्यंत लागू आहे. शिनोळी चंदगड तालुक्यात. आमच्या ऑफिसातून मोटारसायकलनं निघालं तर एका चहाच्या अंतरावर. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता, राज्यांच्या पुनर्रचनेच्या वेळी तेवढा तालुका तिकडं राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. आम्ही इकडे राहिलो. आणि तो कायदाही मारहाण, मोडतोड यांच्यासाठी आहे. माझ्यावर कुणी हात उगारला नाही, कॅमेरा फुटला नाही. माझाच अंगठा बटणावर ठेवून माझ्याकडून माझंच काम पुसून घेतलं. ह्याला कुठल्या कलमात बसवायचं?

बातमीखाली आम्ही ‘बेळगाव’ लिहितो, अण्णाचा पेपर ‘बेळगावी’. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव तेच आहे. यावरून आमचा वाद होतो, अजूनही होतो, सीमाप्रश्नावर तर होतोच. ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली निघालं त्या दिवशी, मराठी पत्रकार दिनाचा तो मला फोन करतो. १ जुलैला मी त्याला करतो. १८४३ साली त्या दिवशी ‘मंगळूर समाचार’ निघालं, पहिलं कन्नड वृत्तपत्र.

खटल्यात मी बचावाचा साक्षीदार आहे. नुसती प्रिंट चालत नाही. कॉम्प्युटरवर काढलेली प्रत द्यायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाखाली प्रमाणपत्र लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ वस्तूच हजर केली तर प्रमाणपत्राची गरज नाही, नाहीतर ते हवंच. आमच्या वकिलांना दोन्ही हवंय. फोटो पुसून परत काढलेले आहेत, समोरचा वकील त्यावरच बोट ठेवणार. म्हणून मूळ कार्ड मला जपावं लागतंय. दगडवाला फोटोही त्याच कार्डावर आहे. कार्ड कोर्टात गेलं तर तोही जाणार. हे मी वकिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आधी प्रतीवर भागवून बघू.

पोराची सायकल मुद्देमाल म्हणून जमा आहे. पुढची तारीख आलीय. कार्ड कपाटात आकाशी शर्टांच्या खाली, लॉक केलेलं, एका पाकिटात.