बटणाला कुठली कळ द्यायची?

"मॅडम, बटणाला शॉर्टकट कसा द्यायचा?" नुकतंच कामाला लागलेलं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात मला हे विचारतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज एकदाच सविस्तर सांगते.

कृती अर्ध्या मिनिटाची आहे. विंडोज फॉर्म्स या, विंडोजसाठी प्रोग्राम बनवायच्या साधनात बटणावरच्या मजकुरात हव्या त्या अक्षराआधी & टाका. '&जतन' लिहिलंत की 'ज'खाली रेघ येते आणि आल्ट धरून ज दाबला की बटण दाबलं जातं. क्यूटी या तशाच दुसऱ्या साधनातही हेच चिन्ह, डब्ल्यूपीएफ या तिसऱ्यात त्याच्या जागी अंडरस्कोर. बटणावर खरंच & दिसायला हवं असेल तर ते दोनदा लिहा. झालं.

पण मी मिरजेतल्या औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. या अर्ध्या मिनिटाच्या कामानं मला तिथे जेवढे हेलपाटे घालायला लावले, तेवढे जीएसटीनंही लावले नाहीत. (मी 'कळ' म्हणते ते लिहिण्यापुरतं. दुकानात पडद्यावरचंही बटणच आणि कीबोर्डवरचंही बटणच. कळ फक्त पोटात येते.)

पहिला घोळ त्या 'ज'नंच केला. माझ्या मशीनवर इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायची कीबोर्डची मांडणी, चालू होतं, त्यात ज हा पी-च्या कळीवर असतो, सगळं छान चाललं. दुकानात मात्र पेशंटचं नाव मराठीत टाकतात आणि औषधाचं इंग्रजीत. कीबोर्ड इंग्रजीवर असला की आल्टबरोबर कितीही पी बडवा, प्रोग्रामला 'ज' मिळतच नाही. म्हणजे एकच बटण कधी चालायचं, कधी नाही, आणि का ते कुणालाच कळायचं नाही. शिवाय 'पुसा'मधल्या उकारात ती रेघ अशी अडकायची की अक्षर खोडल्यासारखं दिसायचं. जपानी आणि चिनी प्रोग्राममध्ये यावर जुना तोडगा आहे: शब्द आपल्या लिपीत आणि त्यापुढे कंसात एक रोमन अक्षर. लिनक्सचे मराठी मेनूही तसेच असतात. दिसायला बरं नाही, पण चालतं. मीही तेच केलं.

दुसरा घोळ मोठा. फॉर्मला, म्हणजे प्रोग्रामच्या खिडकीला, 'अ‍ॅक्सेप्टबटन' म्हणून एक गुणधर्म असतो, त्यात ज्या बटणाचं नाव द्याल ते एंटर मारल्यावर दाबलं जातं. मी तिथे 'जतन' दिलं आणि स्वतःवर खूश झाले. महिन्याभरानं एका काकांनी बारकोड स्कॅनर घेतला. संध्याकाळी सातला, ऐन गर्दीत फोन: "अहो मॅडम, एका गिऱ्हाइकाची सहा बिलं झाली. प्रत्येक गोळीचं वेगळं!"

झालं असं होतं की स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं दुसरा कीबोर्डच. तो आकडे टाइप करतो आणि शेवटी, बहुतेक वेळा, स्वतःच एंटर मारतो. पहिली पट्टी स्कॅन झाली, एंटर आला, बिल जतन. दुसरी पट्टी, नवं बिल. स्कॅनर त्याचं काम चोख करत होता, चूक माझी होती. ज्या कळीनं परत न फिरणारं काम होतं, ती कळ एंटर असता कामा नये, एवढं त्या रात्री सहा बिलं रद्द करताना शिकले.

मग एंटर नाही तर काय? कंट्रोल एस, असं तुम्ही लगेच म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण त्यानंतर मी दोन तास काउंटरमागे स्टुलावर बसले आणि काकांचे हात बघत राहिले. डाव्या हातात कायम गोळ्यांची पट्टी, कात्री, नाहीतर गिऱ्हाइकानं दिलेली नोट. उजवा हात आकड्यांच्या पॅडवर, तिथून तो हलतच नाही. दोन कळा एकदम दाबायला त्या माणसाकडे दुसरा हातच नव्हता. म्हणून जतन आणि छपाई दोन्ही एकत्र करून आकड्यांच्या पॅडवरच्या मोठ्या + वर ठेवली. एक लक्षात ठेवा, हा + आणि वरच्या ओळीतला + कोडमध्ये वेगवेगळे आहेत: एक 'कीज.अ‍ॅड', दुसरा 'कीज.ओईएमप्लस'. मला पहिलाच हवा होता.

त्यावरही दोन तक्रारी आल्या. कुणी मोबाईल नंबर टाकताना +९१ लिहायला गेलं की बिल छापून बाहेर! तेवढ्या चौकटीत कळ बंद केली. दुसरी तक्रार जास्त वाईट होती. ग्रिडमध्ये, म्हणजे बिलातल्या औषधांच्या तक्त्यात, २ चे १२ केले आणि लगेच + दाबला, तर बिल २ चंच निघायचं. माउसनं बटण दाबलं की फोकस, म्हणजे टाइप केलेलं जिथे उमटतं ती जागा, ग्रिडमधून बाहेर जातो आणि टाइप केलेला आकडा पक्का होतो. मी मात्र कळीवरून थेट जतन करणारं फंक्शन बोलावलं होतं. फोकस जागचा हलला नाही, आकडा अर्धवट राहिला. अशा बोलावण्यात बटण बंद, म्हणजे करडं, असलं तरी काम होऊन जातं, हेही तेव्हाच दिसलं. आता मी आधी ग्रिडला 'एन्डएडिट' (आकडा पक्का कर) सांगते, मग बटणालाच 'परफॉर्मक्लिक' (दाबलं गेल्यासारखं वाग). म्हणजे कळ आणि माउस एकाच दारातून आत येतात. कळ दाबून धरली तर तोच संदेश पुन्हा पुन्हा येतो, म्हणून पहिल्या संदेशानंतरचे फेकून द्या, नाहीतर एका बिलाच्या चार प्रती.

बाकीच्या कळा निवडताना मी नवं डोकं चालवत नाही. हिशेबाचं काम केलेल्यांची बोटं टॅलीवर तयार झालेली असतात: एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस. तेव्हा माझंही नवं बिल एफ ८ वरच. एफ १० ला हात लावू नका, विंडोजमध्ये ती मेनूकडे जाते. कंट्रोल आणि आल्ट एकत्र घेण्याचा मोहही टाळा. विंडोज त्या जोडीला उजव्या आल्टसारखंच धरतं, आणि भारतीय इंग्रजी कीबोर्डवर ₹ उमटतो तो नेमका उजवा आल्ट आणि ४ यांनी.

आणि ती & वाली रेघ? विंडोज ती आल्ट दाबेपर्यंत लपवून ठेवतं, म्हणजे ज्याला माहीत नाही त्याला दिसतच नाही. मी सरळ बटणावर नावाशेजारी कळ लिहिते. काकांचा त्यावरही विश्वास नाही. त्यांनी मॉनिटरच्या खालच्या कडेला दुकानातलीच, जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलंय: '+ छापा, ८ नवीन'. कामाला नवा मुलगा आला की त्याला आधी ती पट्टी दाखवतात, मग गोळ्यांची कपाटं.