बरोबर कोण येणार?

मार्च २०२३. कॉन्फरन्स स्पर्धेत, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेत, पहिल्याच फेरीत हरून आमची बस पहाटे कॅम्पसवर पोचली. सकाळी हेड कोचना वरच्या मजल्यावर बोलावणं आलं आणि ते खाली उतरायच्या आत बातमी ट्विटरवर होती. आम्ही तिघे असिस्टंट कोच व्हिडिओ रूममध्ये बसलेलो. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, सांगावं लागतही नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हेड कोच गेला की बहुतेक वेळा त्याची माणसंही जातात.

पगार ३० जूनपर्यंत मिळणार होता. माझ्यापुढे आणखी एक हिशेब होता: एच-वन-बी व्हिसावर नोकरी सुटली की नवी शोधायला फार तर ६० दिवस, नाहीतर देश सोडायचा. बाकी दोघांना हे समजावत बसलो नाही.

आमचं काम बाहेरून दिसत नाही. प्रतिस्पर्धी संघ आम्ही तिघांत वाटून घ्यायचो. आपल्या वाट्याच्या संघाचे सामने रात्र रात्र बघायचे, त्यांच्या प्रत्येक चालीचं नाव आणि खूण पाठ करायची. सामन्यात त्यांच्या पॉइंट गार्डने, म्हणजे चाल रचणाऱ्या खेळाडूने, हात वर केला रे केला की बेंचवरून ओरडायचं, ‘डावीकडून स्क्रीन येतोय!’ म्हणजे त्यांचा एक जण आपल्या पोराची वाट अडवायला येतोय. पोरं वेळेत सरकली आणि चाल फसली की होणारा आनंद, खरं सांगतो, स्वतः बास्केट टाकल्याच्या आनंदाहून मोठा. स्कोअरशीटवर मात्र त्याला रकाना नाही.

दुपारी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या कोचचा फोन आला. त्यालाही या कामाबद्दल काही विचारायचं नव्हतं. “वाईट झालं यार” वगैरे झालं, आणि मग, “माझ्याकडे एक जागा आहे. तुझा तो सहा फूट नऊचा पोरगा येईल का तुझ्याबरोबर?”

ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. तिच्यात नाव नसलेल्या खेळाडूशी दुसऱ्या कॉलेजने बोलायचं नाही, असा नियम. म्हणून विचारणा अशी वळसा घालून येते.

त्या पोराला मीच आणलं होतं. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने खेळाबद्दल अक्षरही काढलं नव्हतं. “गुडघा गेला तर स्कॉलरशिप राहील का?” एवढंच विचारलं होतं.

संध्याकाळी तो स्वतःच ऑफिसात आला. “कोच, तुम्ही जाल तिकडे मी येतो.”

मला हवं ते उत्तर आपल्या पायांनी चालत आलं होतं. मी त्याची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आजवरच्या विषयांची गुणपत्रिका, उघडली. तिसरं वर्ष संपत होतं. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या स्तराच्या, तेव्हाच्या नियमाने चौथ्या वर्षी खेळायचं तर डिग्रीचा ६० टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा होता, आणि कॉलेज बदललं की ते ६० टक्के नव्या कॉलेजच्या डिग्रीचे मोजायचे. याने मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, एकदा बदललेला. तिकडे दोन-तीन विषय धरले नाहीत तर हा कोर्टाबाहेर बसणार. म्हटलं, हेड कोच गेल्यामुळे पोर्टलसाठी ३० दिवस आहेत. आधी अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजरला भेट, इथे नवा कोच कोण येतो ते बघ, आईशी बोल.

“म्हणजे तुम्हाला मी नकोय?”

मी ट्रान्सक्रिप्टवरच्या स्टॅटिस्टिक्स या विषयावर बोट ठेवून पुढे बोलत राहिलो.

रात्री त्या कोचला फोन केला. “मी येतो. त्याचं त्याला ठरवू दे.”

“बघतो,” तो म्हणाला.

काही दिवसांनी ती जागा दुसऱ्याला मिळाली, त्याच्या पाठोपाठ त्याचे दोन खेळाडूही गेले. त्या कोचला मी दोष देत नाही, हरला असता तर त्यालाही वर बोलावणं आलंच असतं. मला एक स्तर खाली, डिव्हिजन टूमध्ये, कमी पगारावर काम मिळालं, व्हिसाचे कागद मुदतीत गेले.

पोरगा शेवटी पोर्टलमध्ये गेलाच, तिसऱ्याच कॉलेजात. तिथे त्याचे दोन विषय धरले नाहीत. उन्हाळ्यात जादा वर्ग करून त्याने टक्केवारी भरून काढली. त्या वर्गांची फी कोणी भरायची, हे विचारायला त्याच्या आईने फोन केला तो मला, त्याच्या नव्या कोचला नाही.